जुन्या शिडाच्या बोटीचं वायरिंग: सगळं उपटण्याआधी लोड टाकून बघा

प्रश्न थोडक्यात असा. १९८४ सालची ३० फुटी फायबरग्लासची शिडाची बोट, नुकतीच विकत घेतलेली, गेटवेसमोर बोयाला बांधलेली. व्हीएचएफ रेडिओवर ऐकायला व्यवस्थित येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडतो आणि परत चालू होतो. डोलकाठीच्या टोकावरचा नांगर-दिवा मिणमिणतो. बॅटरी नवी घालूनही तीन दिवसांत उतरते. एक इलेक्ट्रिशियन येऊन गेला, त्यानं मीटर लावून ‘व्होल्टेज तर सगळीकडे बरोबर येतंय, आता सगळं वायरिंगच बदला’ असं सांगितलं. बदलायचं का?

आत्ता तरी नाही. व्होल्टेज बरोबर आणि तरी सगळं बदला, ही दोन वाक्यं एका दमात येतात तेव्हा दोष सापडलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या तीन तक्रारी बहुधा तीन वेगळ्या जागांच्या आहेत. रेडिओची फ्यूजजवळ, दिव्याची डोलकाठीच्या बुडाशी आणि बॅटरीची बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या खोलगट जागेत. मी पैज लावत नाही, पण बंदरातल्या जुन्या बोटींवर वीसेक वर्षं वाकून पाठ मोडून घेतली आहे, त्यावरून क्रम असाच लावीन.

आधी त्या ‘व्होल्टेज बरोबर’चं बघू, कारण गोम तिथेच आहे. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. आतला रोध दहा मेगाओहमचा असतो. वायरीच्या तीस तारांपैकी एकोणतीस गळून पडल्या आणि एक शिल्लक राहिली, तरी मीटर शांतपणे १२.६ दाखवणार. चाळीतला जुना जीआय पाइप आठवा. आतून गंजानं भरलेला असतो, तरी नळ बंद असताना प्रेशर पूर्ण असतं. नळ सोडला की करंगळीएवढी धार. बोटीवरही नळ सोडून मोजायचं, म्हणजे लोड, करंट ओढणारं काहीतरी, चालू ठेवून.

तुमच्या रेडिओनं हे दाखवूनच दिलंय. ऐकताना सेट अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. पंचवीस वॅटवर बोलताना मात्र पाच-सहा अँपिअर लागतात, आणि तेवढ्यात वाटेतला खराब जोड व्होल्टेज गिळून टाकतो. साधी खूण म्हणजे सेट १ वॅटच्या लो पॉवरवर टाका. तेव्हा बंद पडत नसेल तर सेट दुरुस्तीला नेऊ नका, पुरवठा आजारी आहे.

तपासण्यासाठी बटण दाबून दाबून चॅनल अडवायची गरज नाही. गाडीच्या हेडलाइटचा एच-४ बल्ब घ्या, ६०/५५ वॅटचा. त्याला दोन हात लांब वायर आणि क्लिपा लावा. हा बल्ब बारा व्होल्टवर पाचेक अँपिअर घेतो, म्हणजे रेडिओ बोलतोय असं समजा. रेडिओची पॉवर वायर सोडवून तिथे बल्ब लावायचा आणि तो पेटलेला असताना मोजत जायचं. काच तापते, गादीवर ठेवू नका. एका बोटीच्या गादीवरचं भोक माझ्या नावावर आहे.

मोजायचं कसं, ते एका बोटीच्या आकड्यांवरून सांगतो. मागच्या हंगामात अगदी हीच तक्रार होती. बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या खांबांवर १२.३ व्होल्ट होते आणि बल्बपाशी ९.८. म्हणजे अडीच व्होल्ट वाटेत गेले. आता मीटरची दोन्ही टोकं एकाच रस्त्यावर ठेवायची, एक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं पॅनलच्या प्लस पट्टीवर. ०.२ आलं, ठीक. पट्टीपासून फ्यूजच्या पुढच्या टोकापर्यंत १.४! फ्यूजपासून बल्बच्या प्लसपर्यंत ०.३. आणि बल्बच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.६. बेरीज करा, अडीच. चोर एक मोठा आणि एक छोटा, दोघांचा पत्ता लागला. नवी वायर एक मीटरही लागली नाही.

मीटरच्या वायरी इतक्या लांब पोचत नाहीत, त्यासाठी कुठलीही बारीक दहा मीटरची वायर जोडून घ्या. मीटरला करंट लागतच नसल्यामुळे तिच्या जाडीनं काही बिघडत नाही.

तो १.४ व्होल्टवाला फ्यूज होल्डर मी उघडला. काचेचा जुना फ्यूज, दोन बाजूंना पितळी पाकळ्या. फ्यूज अख्खा होता, कंटिन्युटीला बीप वाजत होती. पण पाकळ्यांचा ताण गेलेला, आणि फ्यूजच्या टोपीवर करड्या रंगाचा साका. १.४ व्होल्ट गुणिले पाच अँपिअर म्हणजे सात वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्मी उष्णता त्या पाकळीत तयार होत होती. पाकळी तापते, ताण जातो, रोध वाढतो, आणखी तापते. पाठीमागचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. असे होल्डर घासून पुन्हा लावू नका. मोटारीतले पात्याचे फ्यूज बसणारा झाकणाचा फ्यूज ब्लॉक घ्या आणि जुने सगळे एकदाच काढा.

मायनसच्या ०.६ कडे लोक बघतच नाहीत. प्लस उचकून उचकून थकतात, पण करंट ज्या रस्त्यानं परत येतो तो कुणी मोजत नाही. जुन्या बोटींवर दहा-बारा मायनस वायरी एका बोल्टवर एकमेकींच्या डोक्यावर चढवलेल्या असतात, तो बोल्ट कुठल्यातरी स्टीलच्या पट्टीत, आणि पट्टी इंजिनच्या ब्लॉकला. कथील चढवलेल्या तांब्याचा किंवा पितळेचा बसबार, म्हणजे ओळीनं स्क्रू असलेली जोडपट्टी, बसवा, एका स्क्रूवर चारपेक्षा जास्त थिंबल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोकं) नकोत, आणि तिथून बॅटरीपर्यंत एकच जाड वायर.

आता दिवा. डोलकाठी बारा मीटरची धरली तर पॅनलपासून टोकापर्यंत वायर साधारण अठरा मीटर होते, आणि करंटला जाऊन यायचं म्हणून छत्तीस मीटर. दीड चौरस एमएमची लवचीक वायर मीटरला सुमारे ०.०१३ ओहम. म्हणजे अर्धा ओहमच्या आसपास. पंचवीस वॅटचा बल्ब दोन अँपिअर घेतो, एक व्होल्ट वाटेतच गेला. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज आठ टक्के कमी मिळालं की उजेड पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. आणि हे सगळं वायर नवीकोरी असताना! चाळीस वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानं बारीक वायर घातली असेल तर दिवा जन्मापासूनच मंद आहे. एबीवायसी ही अमेरिकेतली बोटींची मानकं ठरवणारी संस्था नेव्हिगेशनच्या दिव्यांसाठी तीन टक्क्यांपेक्षा जास्त घट चालवून घेत नाही. बारा व्होल्टवर तीन टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट.

मिणमिण मात्र नुसत्या बारीक वायरीची नसते, ती जोडाची असते, आणि तो जोड डोलकाठीच्या बुडाशी असतो. डोलकाठी उतरवता यावी म्हणून तिथे प्लग किंवा टर्मिनलची पट्टी ठेवलेली असते, डेकवर किंवा केबिनच्या छताखाली. पावसाळ्यात डोलकाठीच्या आतून पाणी उतरतं ते थेट तिच्या डोक्यावर. मी एकदा असा प्लग उघडला तर आतून हिरवट पाण्याचे दोन थेंब पडले आणि तीनपैकी एक पिन बोट लावताच मोडली. बाकीच्या दोन हिरव्या भुकटीत बुडालेल्या.

हा हिरवा प्रकार आपल्या आजीला चांगला माहीत होता. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तोच कळंक. इथे ताकाऐवजी खारी हवा. त्यावर आजीचा उपायही माहीत होता, कल्हई. बोटीला लागणारी टिन्ड वायर म्हणजे कल्हई केलेली तार, एकेका तारेवर कथील चढवलेलं. तुमच्या वेळच्या बऱ्याच बोटींमध्ये साधं तांबं आहे. वायर कापून अर्धा इंच सोला. तांबं लालसर आणि चकचकीत असेल तर देवाची कृपा. काळं असेल तर आणखी एक वीत मागे कापा. तिथेही काळंच निघालं तर घासत बसू नका, ओलावा तारांमधून केशाकर्षणानं आत चढत गेला आहे. ती एक वायर टोकापासून टोकापर्यंत बदला. ती एक, सगळ्या नव्हेत. काळ्या तारेवर थिंबल दाबलं तर आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा माझ्यासारख्याला बोलवाल.

डोलकाठीची वायर बदलायची तर जुनीच्या शेपटीला नवी आणि शिवाय एक मजबूत दोरी बांधून ओढा. जुनी मध्येच तुटली की दोन दिवस जातात. आणि बल्बच्या जागी एलईडी घातला तर करंट दशांशावर येतो, व्होल्टेजच्या घटीचा प्रश्नच मिटतो. पण दोन गोष्टी. स्वस्त एलईडीतला ड्रायव्हर व्हीएचएफच्या पट्ट्यात खरखर सोडतो, आणि तुमचा अँटेना तिथेच फूटभरावर आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं याबद्दल इशाराच काढला होता. तपासायला रेडिओ शांत चॅनलवर ठेवा, स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचा नॉब, ती नुकती थांबेल इतकाच फिरवा, मग दिवा लावा. खरखर परत आली तर तो दिवा परत करा. दुसरं, नांगर-दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे असा नियम आहे. जुन्या भिंगात कुठलाही एलईडी खुपसून ते साधेलच असं नाही, दिवा भिंगासकट प्रमाणित घ्या. लाल-हिरव्या काचेमागे पांढरा एलईडी तर नकोच, रंग भलताच दिसतो.

बॅटरी उतरते याचं कारण आधी दोन भागांत तोडा: बॅटरी आजारी की बोट खातेय? पूर्ण चार्ज करा, मायनसची वायर काढून बाजूला ठेवा, रात्रभर बसू द्या. सकाळी १२.६ च्या आसपास असायला हवं. तीन दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजा. तेवढंच असेल तर बॅटरी निर्दोष. आपणहून १२.२ वर आली (लेड-ॲसिड बॅटरीला ही अर्धी रिकामी धरायची) तर विकणाऱ्याकडे परत.

बॅटरी ठीक निघाली तर मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर टाकून मायनसची वायर आणि बॅटरीचा खांब यांच्यामध्ये लावा. सगळे स्विच बंद. या अवस्थेत इंजिनाच्या किल्लीला हात लावायचा नाही, स्टार्टरचा करंट मीटरचा फ्यूज उडवतो, आणि फ्यूज नसलेला स्वस्त मीटर असेल तर मीटरच उडवतो. रेडिओची मेमरी, घड्याळ वगैरे मिळून काही मिलिअँपिअर दिसले तर चालतं. ०.७ अँपिअर दिसलं तर हिशोब करा. दिवसाला सतरा अँपिअर-तास, तीन दिवसांत पन्नास. शंभरची बॅटरी अर्धी झाली. तुमचे ‘तीन दिवस’ मला त्यामुळेच ओळखीचे वाटतात. आता एकेक फ्यूज काढत जा, आकडा ज्याच्याबरोबर पडेल तो रस्ता धरा.

सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर दोषी पॅनलच्या आधी, थेट बॅटरीवरून घेतलेला आहे. असा बहुतेक एकच असतो, बिल्ज पंप. त्याला थेट घेणं बरोबरच आहे, मेन स्विच बंद करून तुम्ही घरी गेलात तरी पंप चालला पाहिजे. पण त्याच्या वायरीचे जोड बिल्जच्या तळाशी पाण्यात पडलेले असतात, वर काळी इन्सुलेशन टेप. मुंबईच्या उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक वितळून चिकट काकवी होते आणि टेप सुटून जोड उघडा पडतो. प्लसची उघडी तार खाऱ्या पाण्यात.

इथे बॅटरीपेक्षा मोठी भीती आहे. तो करंट पाण्यातून बोटीखालच्या धातूकडे जातो, सीकॉक (बोटीच्या बुडातल्या भोकावरचा पाण्याचा कॉक), शाफ्ट, प्रोपेलर, आणि जिथून तो धातू सोडून समुद्रात उतरतो तिथला धातू खातो. दोन वेगळे धातू पाण्यात असले की होणारी गॅल्व्हानिक झीज काही शे मिलिव्होल्टवर हळूहळू चालते. ही बारा व्होल्टवर चालते. महिने सोडा, काही आठवड्यांत सीकॉकची चाळण होऊ शकते. तुमचे झिंक अ‍ॅनोड, बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे, एरवी हंगामभर टिकत असतील आणि या वेळी दोन महिन्यांत संपले असतील, तर बाकी सगळं टाकून आधी बिल्ज बघा. पंपाच्या वायरी पाणी चढेल त्या पातळीच्या वर आणा, जोड तिथेच करा, आत गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट स्विचही हलवून बघा, त्याच्या वायरीला तळाशी चीर पडलेली असते आणि वरून काही कळत नाही.

दोन बॅटऱ्या असतील तर इंजिन चालू करून दोन्हींच्या खांबांवर मोजा. १४ ते १४.४ दिसलं पाहिजे. जुन्या बोटींवर दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवायला डायोडचा आयसोलेटर असतो, तो ०.६-०.७ व्होल्ट खातो. अल्टरनेटर १४.२ देतो आणि बॅटरीला १३.५ पोचतं. बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आतून सल्फेट धरते, आणि मालक दर दोन वर्षांनी बॅटरीच्या दुकानदाराला शिव्या देतो. त्या जागी व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवा. आणि १-२-बोथ-ऑफ असा गोल स्विच असेल तर इंजिन चालू असताना तो ऑफवर नेऊ नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

सामानाचं. लोहार चाळीत टिन्ड वायर मागितली तर मिळते, पण दुकानातच सोलून बघा, तारा चंदेरी दिसल्या पाहिजेत. घरात एकेकाळी घालायचे ती एकाच जाड तारेची वायर बोटीवर अजिबात नको, इंजिनच्या थरथरीनं तुटते. साधी मल्टिस्ट्रँड हाऊस वायर ट्रॉलरवाले सर्रास वापरतात आणि थोड्याच वर्षांत बदलतात. त्यांचं गणित त्यांना परवडतं, डेकखाली सगळं उघडं असतं. तुमच्या बोटीत एक वायर काढायला अर्धं फर्निचर खोलावं लागतं.

थिंबल दाबायला पकड नाही, रॅचेटवालं क्रिम्पर. दाबून झालं की जोर लावून ओढा, सुटलं तर आत्ताच सुटलेलं बरं. डाख देऊन पक्कं करण्याचा मोह होतो. मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षं सगळ्या जोडांना डाख देत होतो आणि अभिमानानं दाखवत होतो. कथील तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होतं नेमकं तिथेच वायर तुटते. नुसत्या डाखावर टिकवलेला जोड एबीवायसीलाही मान्य नाही.

खर्चाला हात आखडता घ्यायचा नाही अशी एकच जागा, बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारावर अँपिअर सोडू शकते, पाना चिकटून लाल होतो. प्लसच्या खांबापासून सात इंचांच्या आत फ्यूज असावा असा एबीवायसीचा मूळ नियम आहे. स्टार्टरची वायर त्यातून वगळलेली असते, म्हणून ती कुठेही घासत नाही ना ते डोळ्यांनी बघा. काम सुरू करताना मायनस आधी काढायचा, लावताना शेवटी. अंगठी घरी.

बोट अमेरिकेतून आलेली असेल तर काळ्या वायरीला हात लावण्यापूर्वी थांबा. बारा व्होल्टमध्ये काळी म्हणजे मायनस, आपल्या घरच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, आणि अमेरिकन एसी वायरिंगमध्ये काळी म्हणजे फेज. एकाच पॅनलमागे दोन्ही काळ्या शेजारी असतात. याच गोंधळामुळे तिकडे बारा व्होल्टच्या मायनसला पिवळी वायर वापरा असं सांगतात. बोयावर तुम्हाला किनाऱ्याची वीज नाही, पण पावसाळ्यात बोट वर काढली की यार्डातून २३० ची एक्स्टेन्शन येतेच. प्लग काढल्याशिवाय पॅनल उघडायचं नाही, आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्या लाइनवर हवाच.

म्हणून आत्ता, हंगाम चालू असताना, फक्त हे करा: बिल्ज पंपाचे जोड, बॅटरीचा फ्यूज, रेडिओचा रस्ता. बहुधा दोन दिवसांचं काम. डोलकाठी मेअखेरीस बोट वर काढल्यावर. मग नारळी पौर्णिमेपर्यंत हाताशी वेळ असतो, तेव्हा एकेक सर्किट लोड टाकून मोजा आणि जे नापास होईल तेवढं बदला. ज्या वायरीचा दुसरा शेंडा सापडत नाही, जी कशालाच जोडलेली नाही, ती काढून टाका. मागच्या मालकांनी एकावर एक घातलेल्या मेलेल्या वायरी अशा बोटीतून किलोनं निघतात, आणि त्या गेल्या की अर्धं पॅनल आपोआप समजायला लागतं.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर घाला आणि नकाशा काढून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पेन्सिलीनं काढा, बॉलपेनची शाई दमट हवेत फुटते.